सासूबाईंच्या खांद्यावरची पिशवी

सेंगा विशार्टला हसू आवरत नाही, हे क्रेगनेस या स्कॉटिश बंदरगावात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाकार्यात हसणं कोणी समजून घेईल, पण सेंगा प्रार्थनेत हसे, दंतवैद्याच्या खुर्चीत हसे. बँडमास्तरच्या अंत्यविधीला पाद्रीबाबांची टोपी वाऱ्याने उडाली आणि थेट बंदरातल्या पाण्यात जाऊन बदकासारखी तरंगू लागली, तेव्हा तर तिला दोघींनी बखोटीला धरून कबरस्तानाबाहेर काढलं होतं. बँडमास्तरच्या बायकोने दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं, "सेंगा, सबंध दिवसात मला तेवढंच काय ते बरं वाटलं."

पन्नाशी उलटलेली, रुंद खांद्यांची ही बाई गावातल्या धुरीघरात कामाला होती. हॅडॉक मासे चिरून लाकडाच्या धुरावर टांगायचे, हे तिचं काम. माशांची खोकी उचलून उचलून तिचे दंड एखाद्या खलाशाला शोभावेत असे झाले होते आणि अंगाला धुराचा वास कायमचा चिकटला होता. तिचा नवरा आर्ची बोटींची इंजिनं दुरुस्त करी आणि दिवसाला चार-पाच वाक्यं बोले. घरातलं उरलेलं बोलणं सेंगा करी.

गोल्फशी तिचं वाकडं होतं. गावामागे समुद्राला लागून मैदान होतं आणि निम्मं गाव तिथे पडीक असे. सेंगाचं म्हणणं असं, "स्वतःच भिरकवायचं, स्वतःच शोधायचं, आणि सापडलं की पुन्हा भिरकवायचं. घरात चष्मा सापडत नाही तेव्हा मात्र यांना बायको लागते."

आणि नेमका जावई मिळाला तो गोल्फवाला.

रॉडी पीबल्स गोल्फवर पोट भरत होता, म्हणजे भरायच्या प्रयत्नात होता. १९७८ साली युरोपभर हिंडून खेळणाऱ्या व्यावसायिकांच्या दोन पंगती असत. आदल्या वर्षीच्या कमाईत पहिल्या साठांत आलेले वरच्या पंगतीत. त्यांनी गुरुवारी ऐटीत यायचं आणि थेट स्पर्धेत उतरायचं. बाकीच्यांनी सोमवारी आपसांत झुंजायचं. त्यातून जे मूठभर तरतील त्यांनाच गुरुवारचं दार उघडे. गुरुवार-शुक्रवार चांगलं खेळून रविवारपर्यंत टिकलं, तर पुढचा सोमवार माफ. नाहीतर पुन्हा दुसरा देश, दुसरा सोमवार. रॉडी दोन वर्षं सोमवारच्याच पंगतीत जेवत होता.

खेळात तो कच्चा होता असं कोणी म्हणत नसे. त्याचं दुखणं वेगळं होतं. एक फटका बिघडला की त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होई आणि पुढचे तीन-चार होल तो त्या एका फटक्याचं सुतक पाळत खेळे. त्याची गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहायची त्याची बायको इसोबेल, सेंगाची एकुलती एक मुलगी. त्या वसंतात इसोबेलला दिवस गेलेले होते आणि डॉक्टरने तिला पिशवी काय, पाण्याची बादलीही उचलू नको म्हणून बजावलं होतं. पगारी कॅडी ठेवायची रॉडीची ऐपत नव्हती.

"मग यंदा घरीच बसतो," रॉडी सेंगाच्या स्वयंपाकघरात चहाच्या कपाकडे बघत म्हणाला.

"मी येते की पिशवी घेऊन," सेंगा म्हणाली, आणि आपल्याच विनोदावर हसत सुटली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्याखेरीज कोणीच हसत नाहीये. इसोबेल आईकडे टक लावून बघत होती. रॉडी सासूच्या दंडांकडे बघत होता.

"आई, तुला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही," इसोबेल म्हणाली.

"पिशवीला कुठे कळतं?" सेंगा म्हणाली. मग तिने आर्चीकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

आर्चीने पाइप तोंडातून काढला. "मला अंडी उकडता येतात," तो म्हणाला. याचा अर्थ, जा.

प्रवासासाठी रॉडीकडे एक जुनी व्हॅन होती. ती मूळची एका पाववाल्याची. बाजूवर हातभर लांबीचा खरपूस पाव रंगवलेला होता, तो रॉडीने दोन वेळा खरवडूनही जात नव्हता. मागे एक गादी, एक स्टो, एक तंबू. सासूबाई गादीवर, जावई तंबूत, असं ठरलं. एप्रिलात ते दक्षिणेला निघाले आणि स्पेनमध्ये पहिल्या सोमवारी मैदानात उतरले.

रॉडीने तिला वाटेत सगळं पढवलं होतं. सोबत राहायचं, बोलायचं ते चालताना, थांबलं की गप्प राहायचं, सावली पडू द्यायची नाही. हिरवळीवर चेंडू गलीत, म्हणजे भोकात, ढकलायची वेळ आली की निशाण काढून धरायचं. सेंगाने यातलं सगळं मन लावून केलं, गप्प राहणं सोडून. आणि मग चौदाव्या होलवर तिला रॉडीचा चेंडू गवतात चिखलाने माखलेला दिसला. तिने तो उचलला, एप्रनला लख्ख पुसला आणि कौतुकाने त्याच्या हातात दिला. "घे. केवढा घाण झाला होता."

रॉडीच्या तोंडचं पाणी पळालं. खेळातला चेंडू असा उचलला की एक फटका दंड. सबंध दिवसात तो खेळला होता छान, पण संध्याकाळी नावं लागली तेव्हा तो हुकला तो बरोबर एका फटक्याने.

तो काही बोलला नाही. स्पेन संपेपर्यंत काही बोलला नाही. पिरेनीजचे डोंगर आले, गेले, तरी काही बोलला नाही. सेंगाला बोलून घेतलेलं चाललं असतं. हे न बोलणं तिला सोसेना.

"रॉडी, शिवी तरी दे रे," ती शेवटी म्हणाली.

"मी शिव्या देत नाही," रॉडी म्हणाला.

"म्हणूनच तुला अपचन होतं."

फ्रान्समध्ये एका खेड्यात पेट्रोल आणि पाणी घ्यायला त्यांनी चौकात गाडी थांबवली. रॉडी पाण्याचा डबा भरून आला तर गाडीपाशी रांग लागलेली. पंचवीस-तीस माणसं, हातात पिशव्या, बास्केट. गावचा पाववाला सुट्टीवर गेला होता म्हणे, आणि या लोकांना चौकात पावाचं चित्र काढलेली गाडी दिसली होती. सगळ्यांत पुढे काळ्या शालीतली एक म्हातारी उभी होती आणि ती गाडीच्या दारावर छत्री आपटत होती.

रॉडीला फ्रेंच येत होतं ते मेनूकार्डापुरतं. त्याने म्हातारीला सांगायचा प्रयत्न केला की मी पाववाला नाही, मी गोल्फ खेळतो. शब्द सापडेना म्हणून त्याने काठी फिरवल्याचा अभिनय केला. म्हातारी दोन पावलं मागे सरली आणि रांगेला ओरडून काहीतरी म्हणाली. त्यावर एक जाडा शेतकरी बाह्या सावरत पुढे आला.

"तिला वाटलं, तू पाव मागणाऱ्याला मारतोस," सेंगा गाडीतून म्हणाली. तिचा आवाज आधीच थरथरायला लागला होता. तिने घरून आणलेल्या ओटच्या भाकऱ्यांचा डबा उघडला आणि एकेक तुकडा रांगेतल्यांना वाटायला सुरुवात केली. म्हातारीने तुकडा तोंडात घातला, चावला, विचार केला आणि अत्यंत सभ्यपणे रुमालात थुंकली. मग तिने सेंगाचा हात हातात घेऊन थोपटला, जसं घरात दुःख झालेल्या माणसाला थोपटतात तसं.

सेंगा गाडीच्या पायरीवरच बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आणि मग तिला शेजारी एक विचित्र आवाज ऐकू आला, गंजलेलं फाटक उघडावं तसा. रॉडी हसत होता. मुलीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पण जावयाचे दात सेंगाने आज पहिल्यांदा पाहिले.

पुढच्या सोमवारी, पॅरिसजवळ, तिने नवा उद्योग सुरू केला. तो तिने ठरवून केला असं नाही. तिला चालताना बोलल्याशिवाय राहवत नसे इतकंच. तिने धुरीघरातल्या नेटा नावाच्या मैत्रिणीची गोष्ट काढली.

"नेटाने एकाच उन्हाळ्यात दोघांना लग्नाचा शब्द दिला. एक हेरिंग माशांच्या बोटीवरचा, एक खेकडेवाला. दोघं कधी एका वेळी बंदरात नसत, म्हणून निभत होतं. मग आलं वादळ. दोन्ही बोटी एकाच भरतीला आत शिरल्या. नेटा धक्क्यावर उभी, हातात एकाने दिलेली छत्री, बोटात दुसऱ्याने दिलेली अंगठी."

एवढ्यात ते चेंडूपाशी पोचले. सेंगा गप्प झाली.

"मग?" रॉडी म्हणाला.

"मग तू मार. चालताना बोलायचं, थांबलं की नाही, असं तूच सांगितलंस."

रॉडीने मारला. चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. त्याचा चेहरा एरंडेलाकडे वळायला लागला, पण अर्ध्यावर थांबला. "बरं, मग दोघांनी तिला पाहिलं?"

"पाहिलं. आणि एकाच वेळी हाक मारली."

वाळूतला फटका त्याने घाईघाईत मारून टाकला, पुढचं ऐकायचं म्हणून. चेंडू गलीपासून वीतभर अंतरावर जाऊन बसला. असं सगळं मैदान चाललं. अठराव्या होलपर्यंत नेटाचे दोन्ही नवरदेव भांडून, एकमेकांना बंदरात ढकलून, एकमेकांना बाहेर ओढून, जिवलग मित्र झाले होते आणि त्यांनी मिळून सायकलचं दुकान काढलं होतं. नेटाने शेवटी मासळीच्या लिलाववाल्याशी लग्न केलं. रॉडी शेवटच्या हिरवळीवर खांदे हलवत हसत होता आणि सोमवार त्याने तीन फटके राखून खिशात घातला होता.

क्रेगनेसमध्ये गोष्टींना तोटा नव्हता. मे, जून, जुलै, सेंगा गाव उसवत गेली. इटलीत तिने पोस्टमास्तरची भानगड सांगून संपवली. स्वित्झर्लंडमध्ये विरळ हवेत चेंडू दुप्पट उडायचे. रॉडीचा एक हिरवळीवरून पलीकडे गायींच्या कळपात गेला आणि एक गाय त्याच्यावर बसली. रॉडी आणि सेंगा तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहून, पंच येईपर्यंत, तिला स्कॉटिश भाषेत विनवत होते. तिथेही रॉडी रविवारपर्यंत टिकला.

बाकीच्या कॅडींना ही बाई सुरुवातीला खपली नाही. त्यांच्यात एक बिशप नावाचा इंग्रज होता. हे त्याचं खरं नाव नव्हे. कॅडींना टोपणनावंच असत. उंच, सुतकी चेहऱ्याचा, वीस वर्षं युरोपभर पिशव्या वाहिलेला. जर्मनीत तो तिच्याकडे आला.

"बाई, तुमचं हसणं तीन होल पलीकडे ऐकू येतं. काल माझ्या खेळाडूने ऐन फटक्यात मान वर केली."

"चुकलं माझं," सेंगा म्हणाली. "पण तुम्ही असे कुणाला पोचवायला निघाल्यासारखे का दिसता हो?"

बिशपने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "माझी आई असंच विचारायची." दुसऱ्या दिवशी त्याने तिला कॅडींच्या तंबूत आपल्या शेजारी जागा धरून ठेवली. त्या आठवड्यापासून तिला टोपणनावही मिळालं. खेळाडू, कॅडी, गवत कापणारे, सगळे तिला सासूबाई म्हणू लागले.

घरी फोन केला की इसोबेल विचारी, "आई, मागे कोण हसतंय?"

"तुझा नवरा."

"माझा? नीट बघ."

ऑगस्टमध्ये स्वीडन आलं. समुद्राकाठचं मैदान, स्वच्छ ऊन, आणि क्रेगनेससारखा वारा. रॉडी तीन दिवस असा खेळला की त्याचं त्यालाच खरं वाटेना. रविवारी तो शेवटच्या जोडीत होता, दोन फटक्यांनी सगळ्यांच्या पुढे. जोडीदार होता एक अबोल वेल्शमन आणि त्याची पिशवी बिशपच्या खांद्यावर.

नववा होल संपला तेव्हा क्लबमधली एक सोनेरी केसांची मुलगी धावत आली. तिने सेंगाला बाजूला घेतलं आणि पाठ केल्यासारखं एकेक वाक्य कानात सांगितलं. "घरून फोन होता. मुलगी झाली. नंतर आणखी एक मुलगी झाली. तिघी बऱ्या आहेत. तुमचे यजमान म्हणाले, खेळ संपेपर्यंत त्याला सांगू नका."

तारखेला अजून महिना होता. आणि दोन? दोन असतील असं कोणीच म्हटलं नव्हतं. सेंगाच्या पोटातून हसण्याचा असा लोंढा वर आला की तिने रॉडीचा टॉवेल तोंडात कोंबला.

आता नऊ होल तोंड मिटून राहायचं होतं. सेंगाला एवढंच कळलं की तोंड उघडलं तर ते बाहेर पडणार, मग हवामानाबद्दल बोला की आणखी कशाबद्दल. म्हणून ती बोललीच नाही. गोष्ट नाही, टोमणा नाही, काही नाही. समोर बघत, ओठ आवळून, लाल होऊन चालत राहिली.

रॉडीने एकदा पाहिलं. दोनदा पाहिलं. "बरं वाटत नाही का?"

सेंगाने मान हलवली.

दहाव्या होलवर त्याचा फटका झाडीत गेला. अकराव्यावर हातभरावरून चेंडू गलीत जाईना. बाराव्यापर्यंत दोन फटक्यांची आघाडी गेली आणि वर एकाची पिछाडी झाली. तेराव्याला चेंडू ठेवायच्या जागी तो पोचला तेव्हा पांढराफटक पडला होता.

"सासूबाई, सांगा मला. मी खंबीर आहे. कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही रे," सेंगाच्या तोंडून निघालं. "आलं."

"कोण आलं?"

"दोघी."

रॉडीला अर्थ लागायला वेळ लागला. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग भुवया वर गेल्या, मग तो होता तिथे गवतावर फतकल मारून बसला. "दोघी? आमच्या?"

"नाही, शेजाऱ्यांच्या. तुमच्याच रे बाबा. इसोबेल बरी आहे. तिघी बऱ्या आहेत."

आणि मग सासूला आणि जावयाला जे काही झालं त्याला नुसतं हसणं म्हणता येणार नाही. रॉडी पालथा पडून जमिनीवर मुठी आपटत होता. सेंगाने पिशवीला मिठी मारली होती आणि पिशवीसकट हलत होती. प्रेक्षकांना काही कळत नव्हतं, पण पुढच्या रांगेतले हसायला लागले, मग मागचे, आणि वारा लागावा तसं हसू दोरीच्या कडेकडेने पसरत गेलं. वेल्शमनने बिशपला विचारलं, "काय झालं?" बिशपने त्याच सुतकी चेहऱ्याने सांगितलं, "जुळ्या मुली," आणि रुमाल काढून नाक शिंकरलं.

पंच आले. त्यांनी उशीर होत असल्याची ताकीद दिली. रॉडी उठला, डोळे पुसले आणि हसऱ्या हातांनी काठी फिरवली. चेंडू गेला तो मैदानाकडे गेलाच नाही. प्रेक्षकांवरून, दोरीवरून, तळलेल्या हेरिंगच्या दुकानाच्या कापडी छतावर टप्पा घेऊन तो घसरत खाली आला आणि ताटात मांडून ठेवलेल्या माशांमध्ये पडला.

सगळे तिकडे धावले. दुकानवाली हातात उलथणं घेऊन उभी होती. सेंगाने ताटाकडे वाकून पाहिलं.

"रॉडी, यात तुझा चेंडू कोणता ते सांग, मी उचलू का नको ते पंचांना विचार. मागच्या वेळची मला आठवण आहे."

पंचांनी नियम पाहून सांगितलं की दुकान हे तात्पुरतं बांधकाम आहे, चेंडू उचलून पुसा, जवळच टाका, दंड नाही. सेंगाने या वेळी हुकुमाने उचलला, हुकुमाने पुसला, आणि दुकानवालीच्या आग्रहावरून एक हेरिंगही खाल्ली. "मीठ जास्त आहे," ती म्हणाली, "पण ताजी आहे." तिथून रॉडीने मारलेला चेंडू दोन झाडांमधून हिरवळीवर गेला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

उरलेले होल तो कसा खेळला हे त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. नावं काय ठेवायची यावर दोघं वाद घालत चालली होती एवढंच त्याला आठवे. अठराव्या हिरवळीवर बरोबरी साधायची तर लांबून एक फटका आत जायला हवा होता. चेंडू उतारावरून वळत वळत आला, गलीच्या कडेवर पोचला आणि अर्धा आत डोकावून थांबला. एवढं होऊन पडला नाही. एरवी अशा चेंडूवर रॉडीने महिनाभर सुतक पाळलं असतं. त्याने गुडघे टेकून चेंडूला वाकून नमस्कार केला, हळूच आत ढकलला आणि वेल्शमनला मिठी मारली. वेल्शमन जिंकला होता आणि गोंधळून त्यानेच रॉडीचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या नंबराच्या कमाईने रॉडी पहिल्या साठांत अलगद जाऊन बसला. पुढच्या वर्षी एकही सोमवार नाही. पण हे त्याला दुसऱ्यांनी सांगावं लागलं, कारण तो तोवर विमानतळाच्या वाटेला लागला होता, पायात खेळातलेच बूट, खिळ्यांचा खडखडाट करत. व्हॅन सेंगा आणि बिशप यांनी बोटीने परत आणली. बोटीवर सेंगाने बिशपला बँडमास्तरच्या अंत्यविधीची गोष्ट सांगितली, आणि वीस वर्षांत कोणी न पाहिलेली गोष्ट डेकवरच्या ट्रकवाल्यांनी पाहिली. बिशपला हसताना उचकी लागते.

क्रेगनेसला ती पोचली तेव्हा आर्ची दारात उभा होता, दोन्ही हातांवर एकेक गाठोडं घेऊन. "ही मोठी," तो म्हणाला. "ही धाकटी. किंवा उलट." आर्चीच्या मानाने हे भाषणच होतं. आत रॉडी टेबलावर लंगोट पसरून त्याची घडी कशी घालायची याचा अभ्यास करत होता आणि इसोबेल खुर्चीतून त्याला चुका सांगत होती.

सेंगा धुरीघरात परत गेली नाही. पुढचे सहा हंगाम तिने रॉडीची पिशवी वाहिली. उन्हाळ्यात इसोबेल, मुली आणि कधी कधी आर्चीही येई. रॉडी मोठा खेळाडू झाला नाही, पण वरच्या पंगतीतून त्याला कोणी उठवलंही नाही. जिंकला तो एकदाच, पोर्तुगालमध्ये, धो धो पावसात. त्या रविवारी सेंगाचा घसा सर्दीने पार बसला होता. एक शब्द फुटत नव्हता. तिने गावातल्या खाटकाच्या दुसऱ्या लग्नाची सबंध गोष्ट अठरा होल नुसत्या हातवाऱ्यांनी सांगितली, आणि रॉडीच्या म्हणण्याप्रमाणे ती इतकी चांगली कधीच रंगली नव्हती.